वेतनत्याग आणि वैराग्य : मराठी ख्रिस्ती संन्यासपरंपरेचा एक मागोवा

वैराग्य हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या मनःचक्षूंपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. इंद्रायणीच्या डोहात कर्जखते सोडून देणारे तुकोबा, बोहल्यावरून निघून गेलेला ठोसरांचा नारायण, संसार टाकून काशीची वाट धरणारे विठ्ठलपंत. ख्रिस्ती धर्माशी मात्र हा शब्द आपण सहसा जोडीत नाही. आपल्या समजुतीतला पाद्री बंगल्यात राहतो, टांग्यातून हिंडतो, शाळा आणि दवाखाना चालवितो आणि दरमहा समुद्रापलीकडून येणाऱ्या द्रव्यावर त्याचा योगक्षेम चालतो. या समजुतीला एकोणिसाव्या शतकातील वस्तुस्थितीचा आधार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ती समजूत अपुरी आहे. त्याच शतकात आणि त्याच्या पुढच्या काही वर्षांत, मराठी बोलणाऱ्या घरांतून निघालेल्या काही माणसांनी ख्रिस्तावरील श्रद्धेसाठी आधी जात-घर आणि नंतर मिशनने देऊ केलेले सुखही सोडले. पहिल्या त्यागाची कथा पुष्कळदा सांगितली गेली आहे. दुसऱ्या त्यागाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो मुख्यतः या दुसऱ्या त्यागाचा.

परंपरेचे मूळ

ख्रिस्ती वैराग्याचे मूळ शुभवर्तमानातील एका छोट्या प्रसंगात आहे. एक श्रीमंत तरुण येशूकडे येऊन सार्वकालिक जीवनाचा मार्ग विचारतो. सर्व आज्ञा मी पाळल्या आहेत, मग उणे काय राहिले, असे तो म्हणतो. तेव्हा आपले सर्वस्व विकून गोरगरिबांस दे आणि माझ्या मागे ये, असे त्यास उत्तर मिळते. तरुण खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता मोठी असते. प्रसंग एवढाच आहे. पण पुढील दोन हजार वर्षांत या उत्तराने अनेकांची झोप उडविली.

त्यांतला एक आद्य पुरुष म्हणजे इजिप्तमधील अंतोनी. इ. स. २५१ च्या सुमारास जन्मलेल्या या सधन शेतकरीपुत्राने तरुणपणी, आईबापांच्या मृत्यूनंतर, प्रार्थनामंदिरात हाच उतारा वाचलेला ऐकला आणि वडिलार्जित सुपीक जमीन सोडून देऊन तो एकांतवासात गेला. त्याचे चरित्र अथनेशियस या बिशपाने चौथ्या शतकात लिहिले. त्या चरित्रातील एक तपशील येथे मुद्दाम नमूद करण्यासारखा आहे. अंतोनीला एक धाकटी बहीण होती. तिची व्यवस्था धर्मनिष्ठ कुमारिकांच्या हाती सोपवून तो निघाला. तिला काय वाटले हे चरित्रकार सांगत नाही. एकाच्या वैराग्याचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो, हा प्रश्न अशा रीतीने या परंपरेच्या पहिल्या पानावरच उपस्थित झालेला आहे. तो पुढे पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

सहाव्या शतकात इटलीतील बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली केली आणि खाजगी मालकीचा पूर्ण निषेध त्यात घातला. परंतु मठातला साधू निर्धन असला तरी मठ धनवान होऊ शकतो, हे पुढील शतकांनी दाखवून दिले. या विसंगतीवर बोट ठेवले ते असिसीच्या फ्रान्सिसने. कापडाचा व्यापार करणाऱ्या संपन्न घरातील या तरुणाने १२०६ साली, बिशपासमक्ष, अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून बापाच्या स्वाधीन केले. आपल्या अनुयायांनी वैयक्तिकच नव्हे, तर सामुदायिक मालमत्ताही ठेवू नये, असा त्याचा आग्रह होता. त्याचा संघ वाढला तशी या आग्रहावरून संघातच भांडणे झाली, हेही इतिहासाने नोंदले आहे.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने या सगळ्या व्यवस्थेवर आघात केला. तो स्वतः ऑगस्टिनियन संघाचा साधू होता. त्याने मठातील आजन्म व्रतांवर टीका केली आणि १५२५ साली मठ सोडून आलेल्या काथारिना फॉन बोरा हिच्याशी विवाह केला. गृहस्थाश्रमातील प्रामाणिक काम हीच ईश्वरसेवा, असा विचार प्रॉटेस्टंट देशांत रुजला. इंग्लंडमध्ये १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ मोडून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली.

ही पार्श्वभूमी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगर येथे (आताचे अहिल्यानगर) कार्यारंभ करणारे अमेरिकन मराठी मिशन हे प्रॉटेस्टंट होते. त्याच्या कल्पनेत धर्मोपदेशक म्हणजे विवाहित, सुशिक्षित, नियमित वेतन घेणारा गृहस्थ. संन्यासी या संस्थेसाठी त्यांच्याजवळ शब्द नव्हता आणि जागाही नव्हती. उलट ज्या समाजात ते उपदेश करीत होते, त्या समाजाची अपेक्षा अशी होती, की देवाचे नाव सांगणारा माणूस मागता फिरणारा असावा; निदान पगारदार तरी नसावा. दोन्ही बाजूंचा हेतू शुद्ध असूनही एकमेकांची भाषा कळू नये, असा हा प्रकार होता.

गोमंतकातील एक उदाहरण

कॅथलिक पंथात मात्र मठपरंपरा अखंड चालू होती आणि तिचे एक तेजस्वी उदाहरण आपल्या गोमंतकातच घडले. जोसेफ वाझ यांचा जन्म १६५१ साली बाणावली येथे झाला. १६७६ साली ते धर्मगुरू झाले आणि १६८५ साली जुन्या गोव्यातील देशी धर्मगुरूंच्या ओरेटरी संघाची धुरा त्यांनी घेतली. त्या सुमारास श्रीलंकेचा किनारी प्रदेश डच लोकांच्या हाती होता आणि तेथे कॅथलिक धर्मगुरूंस बंदी होती. वाझ यांनी गोव्यातील स्थान सोडले आणि १६८७ मध्ये मजुराच्या, जवळजवळ भिकाऱ्याच्या वेषात जाफना गाठले. कँडीच्या राजाने प्रथम त्यांना हेर समजून बंदीत टाकले. १६९७ च्या सुमारास तेथे देवीची साथ आली, तेव्हा ज्यांना घरच्यांनी टाकून दिले होते त्या रोग्यांची शुश्रूषा त्यांनी केली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचा अंत झाला. १९९५ साली त्यांना ‘धन्य’ व २०१५ साली ‘संत’ ही पदे चर्चने जाहीर केली.

वाझ यांच्या वेषांतराला केवळ युक्ती समजणे चूक ठरेल. भिकाऱ्याचे सोंग काही दिवसांचे असते. त्यांनी ती अवस्था चोवीस वर्षे पत्करली. मात्र त्यांच्या पाठीशी एक संघ होता, एक नियम होता आणि त्यांच्या निर्धनतेला चर्चच्या व्यवस्थेत नाव होते. पुढे ज्यांची हकीकत येणार आहे, त्यांना यातले फारसे काही लाभले नाही.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे

बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे नाव विशेष जवळचे वाटावे. कोकणातून उत्तरेकडे गेलेल्या आणि बुंदेलखंडात व काशीत स्थिरावलेल्या चित्पावन घराण्यात १८२५ साली झाशीजवळ त्यांचा जन्म झाला. काशीत त्यांचे शास्त्राध्ययन झाले. ख्रिस्ती मताचे खंडन करावे या हेतूने त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याच वादातून ते त्या मताचा अभ्यास करू लागले आणि १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या हे नाव त्यांनी धारण केले.

त्या वेळी या निर्णयाची किंमत काय होती, हे लक्षात घेतले पाहिजे. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क जाऊ नये, असे सांगणारा कायदा संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला तो १८५० साली. गोऱ्हे यांनी पाऊल उचलले ते त्याच्या दोन वर्षे आधी. घराण्याची प्रतिष्ठा, शास्त्री म्हणून मान आणि आप्तांचा सहवास हे सर्व एका दिवसात गेले. पुढे पत्नी त्यांच्याकडे आली. परंतु १८५३ साली कन्येच्या जन्मानंतर थोड्याच काळात ती निवर्तली. एलन लक्ष्मी हे नाव मिळालेली ती मुलगी इंग्रज कुटुंबात वाढली आणि पुढे इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून ओळखली गेली. अंतोनीच्या बहिणीसारखीच तीही दुसऱ्यांच्या हाती सोपविलेली.

गोऱ्हे यांच्यापुढे सुखाची वाट नव्हती असे नाही. १८५४ साली पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांच्याबरोबर ते इंग्लंडला गेले होते. ‘षड्दर्शनदर्पण’ या त्यांच्या हिंदी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८६२ साली प्रसिद्ध झाला आणि पंडित म्हणून त्यांची कीर्ती सर्वत्र झाली. १८७० साली ते अँग्लिकन पंथाचे पूर्ण धर्मगुरू झाले. अशा माणसाला मिशनच्या चाकरीत मानाचे स्थान व स्वस्थ वार्धक्य सहज मिळाले असते. त्यांनी ओढा ठेवला तो ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे १८६६ साली स्थापन झालेल्या संत योहानाच्या संघाकडे. हा संघ अँग्लिकन पंथात मठजीवनाचे पुनरुज्जीवन करणाऱ्यांपैकी होता. निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही त्याची व्रते. गोऱ्हे त्यात उमेदवार म्हणून राहिले. अंतिम व्रते मात्र त्यांनी कधीच घेतली नाहीत. स्वतःच्या पात्रतेविषयी आणि श्रद्धेविषयीसुद्धा शंका घेणारे त्यांचे मन होते. परंतु व्रत न घेताही त्यांनी व्रतस्थाचे आयुष्य काढले. साधे अन्न, साधे वस्त्र, अल्प परिग्रह असा त्यांचा क्रम शेवटपर्यंत चालला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यामागे गोऱ्हे यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता.

याच काउली संघाचे एक संस्थापक सभासद फादर ओनील हे आपल्या इंदूरला येऊन राहिले होते, ही गोष्ट माळव्यातील वाचकांना कदाचित नवी वाटेल. युरोपियनांची राहणी टाकून एतद्देशीय साधूसारखे राहावे, असा त्यांचा प्रयत्न होता. १८८२ साली पटकीच्या विकाराने त्यांचा इंदूर येथेच अंत झाला. त्यांच्या कार्याने आकडेवारीत भर पडली नसेल. परंतु वैरागी ख्रिस्ती साधू ही कल्पना मराठी राज्यकर्त्यांच्या या नगरीत एका परकीय माणसाने जगून दाखविली, हे त्याचे महत्त्व.

टिळकांचा पहिला त्याग

ज्या वर्षी, म्हणजे १८९५ साली, गोऱ्हे मुंबईत वारले, त्याच वर्षी मुंबईतच दुसऱ्या एका चित्पावन पंडिताने बाप्तिस्मा घेतला होता. ते नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. भक्तिमान आई लवकर गेली, वडील कडक. नाशिकला त्यांचे संस्कृताचे अध्ययन झाले. जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी, म्हणजेच लक्ष्मीबाईंशी, त्यांचा विवाह झाला. घरात मन न रमणे, न सांगता निघून जाणे, हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेसाठी देऊन मोकळे होणे हे त्यांचे स्वभावधर्म लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हसत हसत, पण पुरते हिशेब ठेवून सांगितले आहेत.

१८९३ साली ते नागपुराहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले. राजनांदगाव हे बैराग्यांनी स्थापिलेले संस्थान. ज्यांच्या पूर्वसूरींनी संसार सोडला होता, ते तेथे राजे होऊन बसले होते. त्या संस्थानाच्या वाटेवर आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने टिळकांना नवा करार भेट दिला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केल्याचे सांगतात. पुस्तक वाचू लागल्यावर टिळकांना खिळवून ठेवले ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने. दीनांना धन्य म्हणणारे, उद्याची चिंता करू नका असे सांगणारे ते प्रवचन. टिळकांच्या धर्मांतराचा आरंभच अशा रीतीने निष्परिग्रहाच्या उपदेशातून झाला होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

पत्नीची संमती त्यांनी घेतली नव्हती. लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह माहेरच्या आश्रयाने राहिल्या. त्या काळचे त्यांचे दुःख, लोकांचे टोमणे, वेड लागायची पाळी आणि हळूहळू स्वतःच्या बुद्धीने सोवळ्या-ओवळ्याच्या पलीकडे जाणे ही सारी कहाणी मराठी गद्याचे लेणे होऊन बसली आहे. सुमारे पाच वर्षांनी त्या पतीकडे आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या आल्या त्या पतीने आज्ञा केली म्हणून नव्हे, तर स्वतःला पटल्यावर, हे विसरता कामा नये.

दुसरा त्याग

यानंतरची सतरा वर्षे टिळकांची अहमदनगरकडील वर्षे. त्यांनी धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकविले, उपदेश केला, ‘ज्ञानोदय’ या १८४२ साली निघालेल्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. त्यांची शेकडो पदे व अभंग मराठी चर्चमध्ये गाइले जाऊ लागले. पाश्चात्य चालींवर बेतलेल्या गीतांच्या जागी कीर्तन, भजन आणि अभंग आले. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते सांगत. दुष्काळ आणि प्लेगच्या दिवसांत अनाथ मुले त्यांच्या घरात वाढली. बालकवी ठोमरे यांच्यासारखा कवी त्यांच्या छायेत राहिला. बाहेरून पाहता हे एक यशस्वी आणि कृतार्थ आयुष्य होते.

तरीही सप्टेंबर १९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला. वेतन सोडले, स्थान सोडले आणि उरलेले आयुष्य संन्यासी म्हणून घालविण्याचे ठरविले. त्यांचे वय तेव्हा ५५ वर्षांचे होते. प्रकृती चांगली नव्हती. ज्या वयात माणूस निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडतो, त्या वयात त्यांनी वेतनच नाकारले.

असे का केले, याचा विचार करताना प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मिशनशी त्यांचे वैर नव्हते. त्या मंडळींविषयी त्यांच्या मनात आदर होता. प्रश्न वेगळा होता. एतद्देशीय ख्रिस्ती माणसावर जो आरोप पिढ्यान्‌पिढ्या होत होता, तो म्हणजे पोटासाठी बाटल्याचा. टिळकांच्या बाबतीत तो सर्वस्वी खोटा होता. परंतु दरमहा परदेशी द्रव्यातून वेतन घेणाऱ्या उपदेशकाला तो खोटा म्हणून सिद्ध करता येत नाही. तो कितीही तळमळीने बोलला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात, हा आपले काम करतो आहे, एवढेच येते. दुसरे असे, की वेतन देणारा आणि घेणारा यांच्यात समानतेचे नाते राहत नाही, मग देणारा कितीही सज्जन असो. हिंदी ख्रिस्ती समाज परावलंबी राहिला तर त्याची उपासना, त्याची गाणी, त्याचा विचार हेही उसनेच राहतील, ही भीती टिळकांना अनेक वर्षे छळीत होती. तेव्हा १९१७ साली त्यांनी जे सोडले ते ऐश्वर्य नव्हते, कारण ऐश्वर्य त्यांच्याकडे कधी नव्हतेच. त्यांनी सोडली ती निश्चिंतता. डोंगरावरील प्रवचनात जे सोडावयास सांगितले आहे, ते नेमके हेच.

सातारा हे त्यांनी नव्या कार्याचे केंद्र केले आणि त्या कार्यास नाव दिले ‘देवाचा दरबार’. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त समान दर्जाने येऊ शकत होते. कोणत्याही परदेशी संस्थेच्या अधीन नसलेले, पंथभेद न मानणारे, देशावर प्रेम करणारे ख्रिस्तशिष्यांचे कुटुंब, अशी ती कल्पना होती. बाप्तिस्म्याची अट शिथिल केल्यामुळे अनेक ख्रिस्ती मंडळी साशंक झाली. धर्मांतराविना भक्ती मान्य केल्यामुळे हिंदू समाज फार जवळ आला असेही नाही. दोन्ही काठांवरून दूर राहून मध्येच उभे राहण्याचे हे धैर्य होते.

याच सुमाराच्या आणखी एका प्रयत्नाशी तुलना उद्‌बोधक ठरेल. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय हे टिळकांच्याच वर्षी, १८६१ साली जन्मले. १८९१ साली ते ख्रिस्ती झाले आणि १८९४ साली त्यांनी संन्याशाची वस्त्रे धारण केली. १८९९ च्या सुमारास जबलपूरजवळ नर्मदातीरी त्यांनी हिंदी पद्धतीचा कॅथलिक मठ आरंभिला. परंतु चर्चच्या अधिकाऱ्यांची मान्यता मिळाली नाही आणि तो मोडला. ज्या पंथात मठांना हजार वर्षांहून मोठी परंपरा होती, त्या पंथाने हिंदी संन्यास नाकारला, आणि ज्या पंथात मठच नव्हते, त्या पंथातून टिळकांचा संन्यास निघाला. टिळकांना परवानगीची जरूर पडली नाही, कारण त्यांनी कोणाचे व्रत घेतले नाही. केवळ वेतन घेण्याचे थांबविले.

किंमत कोणी मोजली?

येथवर आल्यावर तो पहिल्या पानावरचा प्रश्न पुन्हा समोर येतो. वैराग्य एकाने घेतले. त्याची किंमत कोणी मोजली?

मराठी परंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. विठ्ठलपंतांनी पत्नीच्या खऱ्या संमतीविना संन्यास घेतला, तेव्हा गुरूंनीच त्यांना परत गृहस्थाश्रमात पाठविले, अशी कथा आहे. त्या एका निर्णयाचे चटके रुक्मिणीबाईंना आणि चार लेकरांना आयुष्यभर बसले. आपल्या संतचरित्रकारांनी त्या संन्यासाची थोरवी गाइली नाही. थोरवी गाइली ती त्या लेकरांची. तुकोबांच्या वैराग्याचा ताळेबंदही जिजाईच्या स्वयंपाकघरात मांडावा लागतो.

टिळकांच्या पहिल्या त्यागात लक्ष्मीबाईंना विचारलेच गेले नव्हते, आणि हा दोष इतिहासकाराने झाकू नये. १९१७ चा त्याग याहून भिन्न आहे. या वेळी त्यांनी पत्नीचा त्याग केला नाही. संसार मोडला नाही. संन्यास म्हणजे माणसे सोडणे नव्हे, तर मिळकतीची हमी सोडणे, असा अर्थ त्यांनी स्वतःपुरता लावला. पण हमी सुटली ती एकट्या टिळकांची नव्हे. घरात धान्य आहे की नाही, हे पाहणाऱ्या बाईंचीही सुटली. लक्ष्मीबाईंनी त्यापूर्वी अनेक वर्षे पतीच्या उदारपणाचे परिणाम निस्तरले होते. त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये पतीला देव केले नाही आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे केले नाही. टिळकांच्या निरिच्छपणावर त्या विनोद करतात. त्या विनोदाच्या तळाशी रिकाम्या डब्यांचा आवाज ऐकू येतो. आणि तरीही, हा माणूस जे बोलतो ते जगतो, असा विश्वास त्या शब्दांमागे असतो. ख्रिस्ती वैराग्याच्या साऱ्या इतिहासात वैराग्याच्या पत्नीने लिहिलेली इतकी निर्भीड साक्ष दुर्मिळ आहे. अंतोनीची बहीण बोलली नाही. गोऱ्हे यांच्या पत्नीचे शब्द उरले नाहीत. लक्ष्मीबाई बोलल्या, आणि मराठीत बोलल्या, हे आपल्या भाषेचे भाग्य होय.

दरबाराचे आयुष्य अल्प ठरले. राजीनाम्यानंतर दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचे मुंबईत देहावसान झाले. त्यांच्या व्यक्तित्वावर उभे असलेले ते कार्य त्यांच्यामागे फार दिवस टिकले नाही. संस्था म्हणून मोजमाप केले, तर हा प्रयत्न फसला असेच म्हणावे लागेल. परंतु कल्पना मेली नाही. जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने १९२२ साली अहमदनगर येथे ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. इंग्रज व हिंदी सभासदांनी एकत्र, समान आणि साध्या राहणीने राहावे, हे त्याचे ध्येय होते. पुढे तो संघ पुण्यास गेला. याच विन्स्लो यांनी १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले, हा योगायोग नव्हे. १९२१ साली दक्षिणेत तिरुपत्तूर येथे ख्रिस्तकुल आश्रमही निघाला होता. ख्रिस्ती आश्रमांची जी चळवळ पुढे देशभर पसरली, तिच्या आरंभीच्या प्रेरणांत साताऱ्याच्या त्या छोट्या दरबाराची गणना करणे न्याय्य ठरेल.

लक्ष्मीबाईंनीही एक उत्तरकार्य केले. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. लहानपणी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घालून ते पुरे केले. पतीच्या पहिल्या त्यागात ज्यांना स्थान नव्हते, त्यांनी त्याच्या अपुऱ्या कामाचा मोठा वाटा स्वतः उचलला. १९३६ साली त्या निवर्तल्या.

वाझ, गोऱ्हे आणि टिळक हे तिघे तीन शतकांतले, तीन पंथांतले. तिघांच्या आयुष्यांतून एकच गोष्ट प्रत्ययास येते. श्रद्धेसाठी पहिल्या दिवशी जे सुटते ते बहुधा अटळच असते. समाज ते हिरावून घेतो. खरी कसोटी पुढे येते. नव्या घराने दिलेली ऊब अंगवळणी पडल्यावर तीही श्रद्धेच्या आड येते काय, हे ज्याचे त्याने पाहावयाचे असते आणि तेथे त्याला कोणी भाग पाडीत नाही. त्या क्षणी या माणसांनी आपल्या धर्माचे म्हणणे अक्षरशः घेतले. त्यांची मते आपल्याला पटोत वा न पटोत, त्यांच्या धर्मांतराविषयी आपले काहीही म्हणणे असो, त्यांच्या प्रामाणिकपणाचा हा पुरावा खोडून काढता येत नाही.

ज्या मराठी ग्रंथालयांनी महाराष्ट्रापासून दूर राहूनही आपली भाषा जतन केली, त्यांच्या कपाटांत ‘तुकारामगाथा’ आणि ‘स्मृतिचित्रे’ शेजारी शेजारी उभी असतात. सूचिकार त्यांना निरनिराळे क्रमांक देतो, हे योग्यच आहे. पण जिजाईचा संसार आणि लक्ष्मीबाईंचा संसार ज्याला एकाच वेळी आठवतील, असा वाचक या शतकोत्तर काळातही घडत राहावा, एवढी इच्छा या प्रसंगी व्यक्त करून हे विवेचन येथेच आवरतो.